टीव्हीवरची गोळी आणि डॉक्टरांची चिठ्ठी

न्यू जर्सीत एडिसनला लेकीकडे आम्ही दोघं सहा महिने राहून आलो. संध्याकाळी साडेसहाला तिथं राष्ट्रीय बातम्या लागतात. जावई कामावरून येईपर्यंत आम्ही त्या बघत बसायचो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच लक्षात आलं, की जवळपास प्रत्येक ब्रेकमध्ये औषधाची जाहिरात आहे. बाम, खोकल्याचं सिरप, ॲसिडिटीची पावडर असली नव्हे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय काउंटरवरून देताच येत नाहीत अशी औषधं: शुगरची, सोरायसिसची, संधिवाताची, कॅन्सरचीसुद्धा.

मी कराडला सव्वीस वर्षं मेडिकल चालवलं. शेड्यूल एचचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही असं औषध म्हणजे काय, हे माझ्या हाडात मुरलंय. त्यामुळे टीव्हीवर असं औषध विकताना बघून मी थक्क झाले. आमच्या ‘ह्यां’ना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. ह्यांना बारा वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. एका जाहिरातीत ह्यांच्याच वयाचे एक गृहस्थ बागेत वाफे खणत होते, मग नातीला सायकल शिकवत होते, मग सगळं कुटुंब टेकडीवर जेवायला बसलं. एक मिनिट झालं असेल. जाहिरात संपली आणि हे म्हणाले, “ही गोळी आपण का घेत नाही?”

बायको फार्मसिस्ट, बारा वर्षांचा पेशंट, आणि एका मिनिटात हा प्रश्न. जाहिरात काय करते हे मला त्या वेळी कळलं.

दुसऱ्या दिवशी तीच जाहिरात लागली तेव्हा मी टीव्हीकडे पाठ केली आणि फक्त ऐकली. रक्तात आम्ल वाढू शकतं, ते जीवघेणं ठरू शकतं. शरीरातलं पाणी कमी होऊ शकतं. गुप्तांगाजवळच्या त्वचेला क्वचित होणारा, पण प्राणावर बेतणारा जंतुसंसर्ग होऊ शकतो. जाहिरातीचा बराच वेळ हेच वाचून दाखवत होते. आदल्या दिवशी आम्ही दोघांनीही ते ऐकलं नव्हतं, कारण नेमकं त्या वेळी नात सायकलवर तोल सावरत होती आणि आमचे डोळे तिच्यावर होते.

जगात श्रीमंत देश पुष्कळ आहेत, पण चिठ्ठीच्या औषधाचं नाव आणि उपयोग सांगून थेट लोकांना जाहिरात करायला मोकळीक दोनच देशांत आहे: अमेरिका आणि न्यूझीलंड. अमेरिकेत या जाहिरातींवर एफडीए, म्हणजे तिथलं अन्न व औषध प्रशासन, देखरेख करतं. १९६२ साली हा अधिकार त्यांच्याकडे आला. फायदा सांगितलात तर धोकाही तितक्याच प्रामाणिकपणे सांगा, हा तिथला मूळ नियम. दुष्परिणामांची ती लांबलचक यादी या नियमामुळे येते. कंपनी आपणहून सांगत नसते, तिला सांगावंच लागतं.

एक गैरसमज तिथल्या कित्येकांचा आहे आणि माझाही होता. मला वाटायचं, एफडीएनं आधी बघून मंजूर केल्याशिवाय जाहिरात लागत नसणार. तसं नाही. औषध मंजूर करून घ्यावं लागतं, जाहिरात नाही. जाहिरात दाखवायला सुरुवात करतानाच ती एफडीएकडे पाठवायची, एवढीच सक्ती. खटकलं तर एफडीए पत्र पाठवतं, पण तोवर ती जाहिरात लाखो घरांत बघून झालेली असते.

टीव्हीवर याची सुरुवात ज्या औषधापासून झाली ते आपल्या ओळखीचं आहे. ब्रुफेन माहीत नाही असं मराठी घर सापडायचं नाही. दाढ दुखली, गुडघा धरला, की ब्रुफेन. ते शोधणारी ब्रिटनची बूट्स कंपनी अमेरिकेत तेच औषध ‘रुफेन’ नावानं विकायची. तेव्हा तिथं ते चिठ्ठीवरच मिळायचं. १९८३ साली या रुफेनची जाहिरात अमेरिकन टीव्हीवर आली, चिठ्ठीच्या औषधाची तिथली पहिली. आणि तिच्यात काय सांगितलं होतं? की आमची गोळी मोट्रिनपेक्षा, म्हणजे त्याच औषधाच्या दुसऱ्या ब्रँडपेक्षा, स्वस्त आहे. किंमत, बस. तरीही एफडीएनं काही दिवसांतच ती थांबवायला लावली, आणि सगळ्याच कंपन्यांना सांगितलं की आम्ही विचार करतो, तोवर तुम्ही थांबा. १९८५ला ती स्थगिती उठली.

उठली तरी टीव्हीवर जाहिराती लगेच फोफावल्या नाहीत. नियम असा होता की औषधाचं नाव आणि उपयोग दोन्ही सांगायचं तर सगळे धोकेही सांगायचे. मासिकात ते जमायचं. पुढच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत सगळं छापून टाकायचं. टीव्हीवर तेवढं वाचून दाखवायचं तर जाहिरात पाच-दहा मिनिटांची होणार. मग कंपन्यांनी पळवाट काढली. नाव सांगा पण कशावरचं औषध ते सांगू नका, म्हणजे धोके सांगावे लागत नाहीत. ॲलर्जीच्या क्लॅरिटिनची जाहिरात अशी होती: निळंशार आकाश, औषधाचं नाव, आणि डॉक्टरांना विचारा. बघणाऱ्याला कळायचंच नाही, हे नक्की कशासाठी घ्यायचं.

ऑगस्ट १९९७ मध्ये एफडीएनं नवं मार्गदर्शन काढलं आणि बांध फुटला. टीव्हीवर फक्त मुख्य धोके बोलून दाखवा, बाकीची माहिती कुठं मिळेल ते सांगा, एवढं पुरेसं ठरलं. एक फुकटचा फोन नंबर, एक वेबसाइट, एखाद्या मासिकातली छापील जाहिरात, आणि डॉक्टर किंवा फार्मसिस्ट. आजही जाहिरातीच्या तळाशी ‘अमुक मासिकातली आमची जाहिरात पाहा’ अशी ओळ दिसते, ती तेव्हापासूनची. १९९७ला चिठ्ठीच्या औषधांच्या अशा जाहिरातींवर अमेरिकेत वर्षाला १३० कोटी डॉलर खर्च होत होते. २०१६ पर्यंत ते ६०० कोटींवर गेले.

एवढा पैसा कोणत्या औषधांवर लागतो, हे दुकानदाराच्या नजरेनं बघा. मेटफॉर्मिनची जाहिरात तुम्हाला तिथं दिसणार नाही. तिचं पेटंट केव्हाच संपलंय, दहा कंपन्या ती बनवतात, एकीनं जाहिरात केली तर फायदा सगळ्यांना वाटला जाणार. जाहिरात होते ती पेटंटमधल्या नव्या, महाग औषधाची, आणि त्यातही असं औषध जे पाच दिवसांचा कोर्स करून संपत नाही, वर्षानुवर्षं रोज घ्यावं लागतं. म्हणून शुगर, सांधे, त्वचा, दमा. म्हणूनच संध्याकाळच्या बातम्या, कारण त्या वेळी टीव्हीसमोर आमच्या वयाची माणसं बसलेली असतात. आपल्या आजारावर सगळ्यात चांगलं औषध कुठलं, हे या जाहिराती सांगत नाहीत. त्या सांगतात ते सध्या ज्याच्यावर खर्च करणं कंपनीला परवडतं त्या औषधाबद्दल. गोळी चांगली असेलही. ह्यांनी बघितलेली गोळी काही रुग्णांत हृदयाला आणि किडनीलाही उपयोगी पडते, हे मी नाकारत नाही.

यातला आकड्यांचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगते. लिपिटॉर हे कोलेस्टेरॉलचं औषध. आपल्याकडे तेच ॲटोर्व्हास्टॅटिन म्हणून घरोघरी चालतं. त्याच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: हार्ट ॲटॅकचा धोका ३६ टक्क्यांनी कमी. शेजारी एक बारीक फुली. त्या फुलीची तळटीप वाचली तर कळायचं, की मोठ्या अभ्यासात साखरेची, म्हणजे खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांना ॲटॅक आला आणि लिपिटॉर घेणाऱ्यांपैकी २ टक्के लोकांना.

आता शंभर माणसं डोळ्यांसमोर आणा. गावातली एक गल्ली समजा. सगळ्यांना बीपी, त्यावर आणखी काही ना काही धोका. औषध नाही दिलं तर अभ्यासाच्या काळात तिघांना ॲटॅक येतो. शंभरच्या शंभर जणांना रोज गोळी दिली तर दोघांना येतो. म्हणजे एकाचा टळला. उरलेल्यांपैकी सत्त्याण्णव जणांना गोळीशिवायही आला नसता, आणि दोघांना गोळी घेऊनही आला. मूळ आकडे ३ आणि १.९ आहेत. ३ मधून १.१ कमी झाला, म्हणजे तीनाच्या मानानं ३६ टक्क्यांच्या आसपास. हिशेब अगदी बरोबर आहे, खोटं काहीच नाही. पण ‘३६ टक्के’ ऐकल्यावर माणूस मनात धरतो, की शंभरातले छत्तीस वाचतात. ज्या एका माणसाचा ॲटॅक टळला त्याच्यासाठी ती गोळी लाखमोलाची आहे. ज्याला आधी ॲटॅक येऊन गेलाय त्याला तर डॉक्टर ती देणारच, आणि ती त्यानं बंद करू नये. पण घ्यायची की नाही हे ठरवणाऱ्याला ‘शंभरात एक’ हा आकडा आधी मिळायला हवा, आणि जाहिरातीत तो फुलीमागे असतो.

याच औषधाच्या जाहिरातीत कृत्रिम हृदयामुळे नाव झालेले रॉबर्ट जार्विक दिसायचे. डॉक्टर म्हणून सल्ला देणारे आणि तळ्यात जोरात होडी वल्हवणारे. पुढे उघड झालं, की त्यांच्याकडे वैद्यकीय व्यवसायाचा परवाना नव्हता आणि होडी वल्हवणारा माणूस दुसराच होता. अमेरिकी संसदेतून चौकशी सुरू झाल्यावर फेब्रुवारी २००८ मध्ये लिपिटॉरच्या कंपनीनं, फायझरनं, ती जाहिरात मागे घेतली.

पण कंपनी शेवटी म्हणते काय? ‘डॉक्टरांना विचारा.’ यात वाईट काय, असं कुणालाही वाटेल. मला विचाराल तर जाहिरातीतलं सगळ्यात वजनदार वाक्य हेच. आपल्याकडे एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, कसा येतो आठवा. बॅग घेऊन दवाखान्याबाहेर ताटकळतो, दोन मिनिटं मिळाली की आपल्या कंपनीचं नाव डॉक्टरांच्या कानावर घालतो. जाहिरात तेच काम पेशंटकडून करून घेते. आणि पेशंट खुर्चीत समोर बसलेला असतो, त्याला बाहेर काढता येत नाही, नाराज करणंही जिवावर येतं.

हे किती चालतं, याचा एक नेटका अभ्यास अमेरिकेत झाला. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. १८ अभिनेत्रींना पेशंटची भूमिका शिकवून १५२ डॉक्टरांकडे पाठवलं. एकूण २९८ भेटी. आमच्याकडे खोटे पेशंट येऊ शकतात, एवढं डॉक्टरांना माहीत होतं, पण कोण आणि कधी ते नाही. काहींनी खऱ्या नैराश्याची लक्षणं सांगितली. काहींनी परिस्थितीच्या ताणानं येणाऱ्या उदासीची, जिला सहसा औषध लागत नाही. आणि तीन तऱ्हा ठेवल्या: औषधाचा विषयच काढायचा नाही, ‘यावर काही औषध असतं का’ असं विचारायचं, किंवा ‘टीव्हीवर पॅक्सिलची जाहिरात बघितली’ असं म्हणायचं. पॅक्सिल ही नैराश्यावरची गोळी.

ज्यांना औषधाची फारशी गरज नव्हती त्यांच्यात, गप्प राहिलेल्यांपैकी १० टक्के जणींना नैराश्याची गोळी लिहून मिळाली. पॅक्सिलचं नाव घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के जणींना. नुसतं नाव घेतल्यानं पाचपटीहून जास्त.

हा अभ्यास दुसऱ्या बाजूनंही वाचायला हवा. खरं नैराश्य सांगणाऱ्या बायका गप्प राहिल्या तेव्हा फक्त ३१ टक्के जणींना औषध मिळालं. म्हणजे ज्यांना मदत हवी होती त्यातल्या पुष्कळ जणी विचारलं नाही म्हणून तशाच परत गेल्या असत्या. नाव घेतलं तर ५३ टक्के, आणि नाव न घेता नुसतं ‘काही औषध असतं का’ असं विचारलं तर ७६ टक्के. जाहिरातींची बाजू घेणारे म्हणतात, की लाजेनं किंवा अज्ञानानं गप्प बसलेली माणसं जाहिरात बघून तरी दवाखान्यात जातात. त्यात तथ्य आहे. मनाच्या आजाराबद्दल आपल्याकडे किती घरांत अजून बोललं जात नाही, हे मी काउंटरवरून बघितलंय. कागद घडी करून, इकडंतिकडं बघून पुढं सरकवायचे. बोलायला लावणं चांगलंच. पण बोलायला लावण्यासाठी ब्रँडचं नाव लागत नाही, हे याच अभ्यासातून दिसतं.

नवं औषध झपाट्यानं लाखो लोकांपर्यंत पोचलं की काय होऊ शकतं, ते व्हायॉक्सनं दाखवलं. सांधेदुखीचं हे औषध मर्क कंपनीनं १९९९ला आणलं. २००० साली त्याच्या जाहिरातींवर १६ कोटी डॉलरच्या घरात खर्च झाला, पेप्सीपेक्षा जास्त. ऑलिंपिक गाजवलेली स्केटिंगपटू डोरोथी हॅमिल जाहिरातीत बर्फावर घसरत यायची. ३० सप्टेंबर २००४ला मर्कनं औषध बाजारातून काढून घेतलं, कारण दीर्घकाळ घेणाऱ्यांत हार्ट ॲटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला. ज्यांचं पोट साध्या ब्रुफेननं बिघडत नव्हतं, अशा कित्येकांना या महाग गोळीची गरजच नव्हती. यातलं मूळ औषध रोफेकॉक्सिब आपल्याकडेही विकलं जायचं, वेगवेगळ्या नावांनी. डिसेंबर २००४ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. आमच्या मांडणीतल्या स्ट्रिप्स मी स्वतः मोजून खोक्यात भरल्या होत्या. रोज सकाळी ती गोळी घेऊन शेतावर जाणारे एक म्हातारबाबा महिनाभर विचारत होते, माझी गोळी का बंद केली म्हणून.

नवीन औषधाची पहिली दोन वर्षं जाहिरात रोखावी, अशी सूचना नंतर अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीनं केली होती. ती कायद्यात आली नाही.

का येत नाही? तिथल्या राज्यघटनेतलं भाषणस्वातंत्र्य आड येतं. १९७६ साली सुप्रीम कोर्टानं व्हर्जिनिया राज्याच्या एका खटल्यात ठरवलं, की जाहिरातीलाही भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण आहे. तो खटला कशाचा होता? औषध दुकानांना किमती जाहीर करायला बंदी होती, ती ग्राहकांना नको होती. स्वस्त कुठं मिळतं ते लोकांना कळू द्या, म्हणून तो लढा होता. रुफेनची पहिली जाहिरातही किमतीचीच. आणि २०१९ साली तिथल्या सरकारनं नियम केला, की महिन्याला ३५ डॉलर किंवा त्याहून महाग औषधाची छापील किंमत टीव्हीवरच्या जाहिरातीत दाखवा. त्यावर औषध कंपन्या कोर्टात गेल्या, आणि तसा नियम करायचा अधिकारच सरकारच्या आरोग्य खात्याला नाही, असा निकाल लागून तो रद्द झाला. ज्या माहितीसाठी लोकांनी हा दरवाजा उघडून घेतला, नेमकी तीच आज जाहिरातीत नसते. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरांच्या संघटनेनं, अमेरिकन मेडिकल असोसिएशननं, २०१५ मध्ये या जाहिरातींवर बंदीच मागितली. ती काही आली नाही, पण सायकल शिकणाऱ्या नातीचा इलाज मात्र २०२३च्या नियमात केलाय. धोके साध्या भाषेत सांगा, ऐकू येतील असे सांगा, तेच शब्द त्याच वेळी पडद्यावर वाचता येतील असे दाखवा, आणि तेव्हा लक्ष विचलित करणारं काही दाखवू नका. नोव्हेंबर २०२४ पासून तो पाळणं सक्तीचं झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आणखी कडक होण्याचे आदेश दिले. एफडीएनं कंपन्यांना हजारोंनी पत्रं धाडली, आणि १९९७ची ती सवलत काढून घेण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचं जाहीर केलं. ती खरंच गेली तर सगळे धोके जाहिरातीतच सांगावे लागतील, आणि एका मिनिटात ते मावणार नाहीत.

आपल्याकडे ही वाट मुळातच बंद आहे. १९५४च्या कायद्यानं मधुमेह, लठ्ठपणा, कॅन्सर, हृदयरोग अशा ५४ आजारांवर औषधाची जाहिरात करायला मनाई केली. शेड्यूल एच, एच-१ आणि एक्स या याद्यांमधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच्या, औषधांची जाहिरात केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. तुमच्या घरातली कुठलीही अँटिबायोटिकची स्ट्रिप काढून बघा, तिच्यावर उभी लाल रेघ असेल. ती रेघ म्हणजे हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

पण औषधाचं नाव न घेता आजाराची जाहिरात करता येते. गेल्या काही वर्षांत टीव्हीवर नागिणीबद्दल सांगायला लागलेत. त्यांच्या भाषेत शिंगल्स. पन्नाशीनंतर होऊ शकते, वेदना भयंकर असतात, डॉक्टरांशी बोला. लसीचं नाव नाही, कंपनीचं नाव कोपऱ्यात बारीक. नागिणीचा वेढा पूर्ण झाला की माणूस जातो, असं आपल्याकडे अजून मानतात. मांत्रिकाकडून उतरवून आलेल्या, फोड चिघळलेल्या बायका मी बघितल्यात. त्यांच्यापर्यंत ‘डॉक्टरांकडे जा’ एवढं पोचत असेल तर मला आनंदच आहे. फक्त अशी जाहिरात बघताना मी कोपऱ्यातलं ते बारीक नाव वाचते, आणि ती कंपनी या आजारावर काय विकते ते बघते.

कराडला परतल्यावर हे त्या गोळीचं नाव कागदावर लिहून डॉक्टरांकडे गेले. मी बरोबर होते. डॉक्टरांनी कागद वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, “पायाला मुंग्या येतात का?”

“येतात,” हे म्हणाले. “रात्री. वर्ष झालं असेल.” मला कधी बोलले नव्हते.

डॉक्टरांनी बूट-मोजे काढायला लावले, तळव्याला टोचून बघितलं, किडनीचा रिपोर्ट बघितला, बी-१२ तपासायला सांगितलं. ते बरंच कमी निघालं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, त्यातून शाकाहारी माणसांत, हे होतं. ती नवी गोळी सध्या नको, तीन महिन्यांची सरासरी शुगर बघून ठरवू, असं डॉक्टर म्हणाले. आता रात्री जेवणानंतर बी-१२ची एक गोळी असते. मुंग्या कमी आहेत.